भिंतीवरची सोंगणी

इजिप्तहून लोक पपायरस आणतात. मी चार फुटांची वळकटी आणली. लोकरीत विणलेली गव्हाची सोंगणी.

पिरॅमिडांपासून जवळच हरानिया नावाचं गाव आहे. रामसेस विसा वासेफ या वास्तुविशारदानं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शेतकऱ्यांची पोरं मागावर बसवली आणि तीन नियम घातले: आधी चित्र काढून घ्यायचं नाही, कुणाचं बघून उतरवायचं नाही, आणि मोठ्यांनी नावं ठेवायची नाहीत. वासेफ १९७४ साली गेले. मातीच्या विटांनी बांधलेल्या त्या जागेला पुढे १९८३ साली आगाखान पुरस्कार मिळाला. (आमच्या चित्रकलेच्या मास्तरांना तिसरा नियम कुणी कळवला असता, तर मी आज वेगळ्याच धंद्यात असतो.)

या विणकामात मला सगळ्यात आवडतो तो बाण्याचा धागा. साध्या कापडात तो या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. इथे मात्र आपल्या रंगाची हद्द आली की मुकाट मागे फिरतो. बांध न कोरणारा असा शेजारी आमच्या गावाला सात पिढ्यांत लाभलेला नाही. आणि विणून झालेला भाग गुंडाळत जातात, म्हणजे अख्खं शेत विणणाऱ्यालाही दिसतं ते माग सुटल्यावरच.

तिसरा नियम मुंबईच्या विमानतळापर्यंत टिकला. घरी आत्या होती. आत्या निफाडकडची, अर्धा जन्म गव्हात गेलेली. तिनं आधी चित्र उलटं केलं. भरतकाम असो की भाचेसून, ती मागच्या बाजूनं पारखते. "टोकं बरी दाबलीत," एवढं म्हणून सुलट केलं.

"सूर्य केवढा वर आलाय बघ. ही काय सोंगायची वेळ? ओंब्या झडतील. पहाटे दहिवरातच हात चालवायचा असतो."

"आत्या, ते मनातलं चित्र आहे."

"मग मनात तरी लवकर उठावं."

तांबडा रंग आपल्या मंजिष्ठेच्या भावकीतल्या एका मुळाचा आहे, निळा खऱ्या निळीचा, असं मी सांगत होतो. तिचं लक्ष नव्हतं. चष्मा पुसून ती एका कोपऱ्यात वाकली होती. "पेंढी त्याच काडानं बांधलीय रे. सुतळी नाही. विणणारी शेतातलीच दिसते."

चित्र दिवाणखान्यात लागून आता दोन महिने झाले. येता-जाता आत्या त्यासमोर थांबते, कंबरेवर हात ठेवते आणि विचारते, "उरकलं नाही का गं बायांनो अजून?"