मीठ कोणी टाकलं?

भेळेत मीठ कोणी टाकलं, असं बालवर्गात विचारलं की सगळेच हात वर होतात. आणि सगळेच खरं बोलत असतात. तीन-साडेतीन वर्षांच्या माणसाला ‘तुझ्या आधी एकाने टाकलंय, आता तू नुसतं बघ’ हे पटवून देणारा अजून जन्माला यायचा आहे. मीठ टाकायचं म्हणजे प्रत्येकाने टाकायचं. म्हणून या कामात मुरलेल्या ताई भेळेला लागेल तेवढंच मीठ आधी एका वाटीत काढून घेतात आणि डबा कपाटात कुलूपबंद करतात. मग वाटीतून कोणी दोन बोटांची चिमूट घेतं, कोणी सरळ मूठ मारतं, शेवटच्याला वाटी उपडी करून झटकायचा मान मिळतो. भेळ बिघडत नाही आणि रडारडही होत नाही. नव्या ताईंना ही युक्ती पहिल्या भेळेनंतर सुचते. ती पहिली भेळ शिपाईमामासुद्धा ‘आज उपास आहे’ म्हणून परत करतात.

बालवाडीतल्या स्वयंपाकाचं पालकांना मोठं कौतुक असतं. यातली गंमत अशी, की हेच मूल घरी ओट्याच्या दिशेने सरकलं की ‘भाजेल’, ‘सांडशील’, ‘मधे मधे करू नकोस, मला उशीर होतोय’ अशी तिहेरी आरती सुरू होते. मग फी भरून त्याला शाळेत घालायचं आणि शाळेने त्याला काय शिकवायचं, तर एका वाटीतली डाळ दुसऱ्या वाटीत ओतायला. घरी ओतली की सांडासांड, शाळेत ओतली की शिक्षण.

अर्थात हे शिक्षण आहेच. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, तेव्हापासून ओतणं, पुसणं, वाढणं, भांडी धुणं ही कामं अभ्यासक्रमात मानाने बसली आहेत. बाईंचा आग्रह असा, की मुलांच्या हातात खरी भांडी द्या. काचेची, चिनी मातीची, पडली की फुटणारी. न फुटणाऱ्या भांड्याला जपायला कोण शिकेल? हे तत्त्व वाचताना फार पटतं. आपल्या लग्नातल्या क्रॉकरीचा सेट डोळ्यांसमोर आला, की स्टीलची वाटीही तशी बरीच म्हणायची, असं वाटू लागतं.

आपल्याकडे भावनगरला गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासोबत ताराबाई मोडक यांनी ही पद्धत रुजवली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये दोघींनी कोसबाडची टेकडी गाठली. परदेशी लाकडी साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून पानं, फुलं, बिया, शंखशिंपले यांच्यावर त्यांनी शाळा चालवली. आजच्या ताई चिंचोके मोजायला देतात, शेंगा सोलायला देतात, ती चाल तिथलीच. फक्त आता त्याचे फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावे लागतात. ताराबाईंचं एवढं काम वाचलं.

प्रत्यक्ष स्वयंपाकाच्या आधी हात धुण्याचा विधी असतो. साबणाने निदान वीस सेकंद, असा नियम. वर्गाला नळ एक. शेवटच्या मुलाचे हात धुऊन होईपर्यंत पहिल्याने नाक पुसलेलं असतं, दुसऱ्याने चप्पल सरळ केलेली असते आणि तिसऱ्याने मैत्रिणीच्या केसांतली क्लिप नीट लावून दिलेली असते. पुन्हा रांग. स्वयंपाकाच्या तासाला तास म्हणतात, पण त्यातला निम्मा नळावरच जातो. ताई याची तक्रार करत नाहीत. एवढ्या वेळात पाण्यात खेळायचं म्हणून मुलं आनंदाने उभी असतात, हेच खूप झालं.

थंडीच्या दिवसांत मटार सोलायचा कार्यक्रम ठरलेला. या वयाच्या बोटांना शेंगेची शिवण शोधून, तिथे नख खुपसून ती उघडणं म्हणजे उत्तम व्यायाम. हेच स्नायू पुढे पेन्सिल धरणार असतात. शेंगेत दाणे किती, याची मोजणी होते. पाच निघाले की आनंद, नऊ निघाले की जल्लोष, आणि अळी निघाली की पुढची दहा मिनिटं स्वयंपाक बंद. परातीत शेवटी जेमतेम वाटीभर दाणे जमतात, कारण उरलेले पोटात गेलेले असतात. त्याचं दुःख नाही. ताईंची नजर असते ती नाकांवर. गोल, गुळगुळीत, नेमक्या मापाची वस्तू हातात आली, की ती नाकपुडीत बसते का, हा प्रयोग करून पाहणारं एखादं मूल वर्गात निघतंच. कान-नाक-घशाच्या कोणत्याही डॉक्टरांना विचारा; मटार, चणे, शेंगदाणे यांची यादी त्यांना तोंडपाठ असते.

सरबताचा दिवस वरवर सोपा दिसतो. चूल नाही, सुरी नाही. लिंबू ताईंनी चिरून दिलेलं. मुलं पिळतात, साखर ढवळतात, बिया गाळणीत मोजतात. संकट येतं ते वाटपाच्या वेळी. वर्गातले पेले एकसारखे नसतात. थोडे बुटके, थोडे उंच निमुळते. ताईंनी मापाच्या कपाने सगळ्यांना अगदी सारखं दिलेलं असतं. तरी बुटका पेला मिळालेली मुलगी शेजारच्या उंच पेल्याकडे बघते आणि तिचा खालचा ओठ पुढे येतो.

“त्याला जास्त दिलं.”

“अगं, सारखंच दिलंय. हे बघ.” ताई उंच पेल्यातलं सरबत दुसऱ्या बुटक्या पेल्यात ओतून दाखवतात. आता दोन्ही सारखे. मुलगी समाधानाने मान डोलावते. ताई ते परत उंच पेल्यात ओततात.

“आता परत जास्त झालं.”

स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी हाच खेळ प्रयोगशाळेत मांडला आणि बालमानसशास्त्रात अजरामर झाले. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलाला पातळी उंच दिसली की माल जास्त वाटतो. ओतल्याने प्रमाण बदलत नाही हे त्याच्या बुद्धीला अजून पटत नाही. पुढे स्कॉटलंडमधल्या मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने यावर शंका काढली. मोठं माणूस एकच प्रश्न पुन्हा विचारतं, त्याअर्थी आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार, असं मूल समजत असेल तर? त्यांनी मग अशाच दुसऱ्या प्रयोगातली ठोकळ्यांची रांग स्वतः न हलवता एका खोडकर टेडी अस्वलाकडून ‘चुकून’ विस्कटली, तर बऱ्याच जास्त मुलांनी बरोबर उत्तरं दिली. बालवर्गाच्या ताईंजवळ अस्वल नसतं. त्या पुढच्या खेपेला सगळे पेले एका मापाचे विकत आणतात. शास्त्राला पन्नास वर्षांत न सुटलेला प्रश्न भांडीवाल्याच्या दुकानात सुटतो. त्याच मुलीची रडणारी मैत्रीणही अशीच गप्प होते. तिला बिस्किट कमी पडलेलं असतं. ताई तिच्याच बिस्किटाचे दोन तुकडे करून ‘घे, आता तुझ्याकडे दोन’ म्हणतात आणि ती हसत जागेवर जाते. यात फसवणूक किती आणि अध्यापन किती, हे कोणी विचारू नये.

आणि मग येते नानकटाई. बालवर्गात भाजायचा पदार्थ निवडायचा तर याच्याइतका क्षमाशील दुसरा नाही. दोन वाट्या मैदा, वाटीभर पिठीसाखर, वाटीला थोडं कमी घट्ट तूप, चमचाभर रवा, वेलचीची पूड, चिमूटभर खायचा सोडा. पाण्याचा थेंब नाही. पाणी नाही आणि तूप भरपूर, त्यामुळे मैद्यातलं ग्लूटेन धड तयारच होत नाही. पोळीची कणीक इतके हात लागल्यावर रबर झाली असती. नानकटाईचा गोळा मात्र कितीही तिंबा, चिवट होत नाही. तूप-साखर फेसायचं काम तर मुलांना इतकं आवडतं, की त्यासाठी मघाची हात धुण्याची रांगसुद्धा सरळ होते.

पण तुपाची एक अडचण आहे. ते साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि माणसाचा तळहात जवळपास तेवढाच गरम असतो. मोठी बाई दोन फिरक्यांत गोळी वळून ताटात ठेवते. मूल ती गोळी वळतं, मोडतं, तिची अळी करतं, अळीचा साप करतं, सापाला शेजाऱ्याच्या अंगावर सोडतं, परत गोळा करतं आणि मग भावुक होऊन थोडा वेळ नुसतंच मुठीत धरून बसतं. तोवर तूप पातळ. असा गोळा ओव्हनमध्ये गेला की फुगायच्या आधी पसरतो. म्हणून जाणत्या ताई वळून झालेला ट्रे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवतात, आणि त्या अर्ध्या तासात ‘झालं का?’ या प्रश्नाला उत्तरं देतात.

कोणाची नानकटाई कुठली हे कळावं म्हणून खालच्या बटर पेपरवर प्रत्येकाचं नाव पेन्सिलीने लिहितात. हा कागद म्हणजे त्या वर्गाचा सातबारा. ओव्हन १७०-१८० अंशांवर तापलेला, मुलं काचेपासून दोन हात लांब आखलेल्या खडूच्या रेघेमागे मांडी घालून बसलेली, आणि आत एकेक गोळी हळूहळू अंग सैल सोडताना दिसते. सोडा आपलं काम करतो, वरून बारीक भेगा पडतात. पंधरा-वीस मिनिटांचा कार्यक्रम. मोबाइल बघितल्याशिवाय घास न घेणारी मुलं तेवढा वेळ काचेवरून नजर हलवत नाहीत, हे पाहिलेले पालक आपल्या मुलाबद्दल जरा अस्वस्थ होतात.

ट्रे बाहेर आला की हद्दीचे वाद. मुठीत तापलेल्या तीन नानकटाया पसरून एकमेकींत मिसळलेल्या असतात. बेदाण्याएवढ्या वळलेल्या दोन पार काळ्या पडलेल्या, आणि लाडवाएवढी वळलेली एक मधोमध कच्ची. आकार सारखे नसले की भाजणं सारखं होत नाही, हा धडा इथे कोणीही न शिकवता शिकवला जातो. काळ्या नानकटाईचा मालक रडेल म्हणून ताई तयारीत असतात. तो मात्र सगळ्यांना सांगत फिरतो, “माझी चॉकलेटची झाली.”

ज्यांचं लहानपण गावाकडे किंवा पेठेत गेलं, त्यांना यात नवल वाटणार नाही. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीत न्यायची, तिथे पत्र्यांसाठी नंबर लावायचा, पिठाची राखण करत बसायचं आणि भट्टीतून आपलाच पत्रा बाहेर येतोय ना, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं. ही जोखमीची कामगिरी घरातल्या पोरांवर सोपवलेली असायची. तेव्हा याला कोणी उपक्रम म्हणत नव्हतं.

एक गोष्ट मात्र ताई हसण्यावारी नेत नाहीत. कच्चं पीठ चाटायला बंदी. पीठ पांढरंशुभ्र दिसलं तरी ते न शिजवलेलं धान्यच असतं. त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात आणि ते मरतात ते भाजल्यावर. आजीने लहानपणी आपल्याला चाटू दिलं होतं, हा युक्तिवाद पालकसभेत दरवर्षी होतो आणि दरवर्षी फेटाळला जातो.

खाण्याबद्दलही बोलायला हवं, कारण बहुतेक पालक त्या आशेने येतात. दोन ते सहा या वयात नवा पदार्थ दिसला की नको म्हणणं हा मुलांचा धर्मच असतो. अभ्यासक सांगतात, की नवी चव अंगवळणी पडायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. घरातला धीर तिसऱ्या खेपेला संपतो आणि ‘याला कोबी आवडत नाही’ हा कायमचा निकाल लागतो. वर्गात मूल कोबीचं पान फाडतं, हुंगतं, त्याची टोपी करून डोक्यावर घालतं, चाकूसारखं लाकडी पातं घेऊन चिरतं. यातली प्रत्येक भेट हिशेबात धरायची. कोथिंबिरीचं पान दिसलं तरी ताट सरकवणारा एक मुलगा भेळेच्या दिवशी मन लावून जुडी निवडतो, देठं वेगळी करतो, सगळ्यांच्या भेळेवर स्वतःच्या हाताने भुरभुरवतो. मग आपल्या वाटीपाशी येतो आणि म्हणतो, “माझ्यात नको.” ताई त्याच्या वाटीत घालत नाहीत. पुढच्या भेळेलाही जुडी त्याच्याकडेच देतात.

घरी आल्यावर ‘आज शाळेत काय केलं?’ या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. पुरावा खिशात असतो, चुरा झालेला.

तेव्हा बालवर्गातून स्वयंपाकाची चिठ्ठी घरी आली, तर पालकांनी एवढं करावं. मुलाला शेंगदाणे, दूध, गहू असं काही सोसत नसेल तर आदल्या दिवशी लिहून कळवावं. दाणे कुटून पाठवावेत आणि द्राक्षं उभी चिरून, कारण अख्खी वस्तू या वयात घशात अडकते. पांढरा शर्ट घालू नये. आणि खिशातून निघालेला तो चुरा मुलाच्या समोर बसून, त्याचं लक्ष असताना खावा. डब्यात झाकून ठेवलात तर रात्री झोपताना त्याची चौकशी होते.