दोन बोटं माया

एका हातानं घंटा वाजवायची, दुसऱ्या हातानं ताम्हन ओवाळायचं, मग टाळी कशानं वाजवायची, हा प्रश्न आईला पंचाहत्तरीत पडला. तोवर बाबा होते आणि घंटेचं खातं त्यांच्याकडे होतं. भांडी बाजारात जाऊन तिनं पितळेची, दोरी ओढून वाजवायची घंटा आणली आणि म्हणाली, "हिला टांगायला भिंतीत एक आकडा करून दे. तू मेकॅनिकल ना?"

हे वाक्य आमच्या घरी कुकरच्या शिट्टीपासून गीझरपर्यंत कुठंही वापरतात. मी नाशिकला सातपूरच्या कंपनीत वीस वर्षं खरेदी विभागात काढली, त्याला कोणी हिशेबात धरत नाही.

आकडा बाजारात दहा रुपयांना मिळाला असता. पण आमच्या देव्हाऱ्याची जागा अडचणीची. उजवीकडे लगेच भिंत. म्हणजे मागच्या भिंतीला पट्टी ठोकायची, तिच्यातून हात पुढे काढायचा, तो डावीकडे वळवायचा आणि टोकाला वर तोंड केलेला आकडा. बाजारात असलं काही नसतं. मी खूष झालो. डिग्री झाल्यापासून पहिल्यांदाच डिग्रीला काम मिळत होतं.

ड्रॉइंगशी माझं नातं जुनं आणि तणावाचं. कॉलेजला जाताना मिनी ड्राफ्टर पिशवीतून तलवारीसारखा बाहेर आलेला असे, आणि सीबीएसवर बसमध्ये चढताना तो रोज कुणाच्या तरी बरगडीत जाई. एक रेषा जमिनीशी तीस अंशांचा कोन करते, भिंतीशी पंचेचाळीस, तर ती रेषा कुठं आहे? माझ्या मते ती रेषा सुखात होती, तिला कशाला छेडायचं? शेवटी हुशार मुलाची शीट काचेवर, खाली दिवा, वर आपली कोरी शीट. या ग्लास ट्रेसिंगला आम्ही लाडानं जीटी म्हणायचो. वस्तू समोरून, वरून, बाजूनं अशी सपाट कागदावर उतरवायची ही विद्या शास्त्र म्हणून मांडली ती गास्पार मोंज नावाच्या फ्रेंच माणसानं, किल्ल्यांच्या बांधकामासाठी. फ्रेंच लष्करानं ती कैक वर्षं गुपित ठेवली होती. आमच्या सरांनी ती परंपरा शेवटपर्यंत पाळली.

तर रात्री जागून मी ड्रॉइंग काढलं. समोरचं दृश्य, त्याखाली वरचं, उजवीकडे डाव्या बाजूचं. मापं मिलिमीटरमध्ये. सगळं इतकं देखणं झालं की मला चेव आला आणि प्रत्येक मापापुढे अधिक-उणे 0.05 लिहून टाकलं.

अंबडला ओळखीतला एक गाळा आहे. बाहेरच्या देशांतली कामं करतो. गाळ्याच्या मालकानं कागद दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"साहेब, हे काय आहे?"

"घंटेचा आकडा."

"घंटा किती आरपीएमला फिरणार आहे?"

मग त्यानं शांतपणे समजावलं. पट्टी कापून वाकवली की मिलिमीटरभर इकडेतिकडे होतं, त्याला फारसा खर्च नाही. केसाच्या जाडीहून कमी फरक हवा, तर ग्राइंडिंग करावं लागेल, वेगळं मशीन, वेगळा माणूस, वेगळा दर. त्या एका दशांशापुढच्या शून्याची किंमत त्यानं सांगितली तेव्हा मी ते शून्य तिथंच त्याच्या पेननं खोडलं.

चार दिवसांनी आकडा आला. चकाचक, कोपरे घासलेले. भिंतीला लावून पाहिला. हात बरोबर पुढे आला आणि ऐटीत उजवीकडे वळला. घंटा टांगली तर भिंतीवर आपटली. उलटा करून लावला तर डावीकडे वळत होता, पण आकड्याचं तोंड जमिनीकडे.

"देवाला पाठ दाखवतोय," आई म्हणाली.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकांना बोलावलं. ओझरला 1964 मध्ये मिग विमानांसाठी कारखाना निघाला, त्या एचएएलमध्ये काकांनी जन्म काढला. त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही. ड्रॉइंग मागितलं. उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"शंकू कुठाय?"

शंकू विसरला होता. झालं होतं असं, की आपल्याकडे शिकवतात फर्स्ट अँगल. वस्तू मधे, कागद पलीकडे, सावली पडावी तसं चित्र. म्हणून वरून दिसणारं खाली जातं आणि डावीकडून दिसणारं उजवीकडे. अमेरिकेत थर्ड अँगल. कागद काचेसारखा डोळ्यासमोर धरलेला, उजवीकडून जे दिसतं ते उजवीकडेच. यातलं कुठलं, हे सांगायला कोपऱ्यात कापलेला शंकू आणि दोन वर्तुळं काढतात. ते चिन्ह नसलं की वाचणारा आपल्या सवयीनं वाचतो. गाळ्याला सवय अमेरिकेची. त्यानं माझा आकडा चोख बनवला होता, फक्त आरशातला.

"वस्तूची काही चूक नाही," काका म्हणाले आणि आकडा खिशात टाकून घरी गेले.

आई हे सगळं ऐकत होती. "शिंप्याला कापडाबरोबर मापाचं ब्लाउज देतात. तुमच्यात तशी पद्धत नाही?"

"असते. प्रोटोटाइप म्हणतात."

"मग?"

मी गप्प. तिनं कुणाच्यातरी लग्नाची जाड पत्रिका घेतली, कात्री घेतली, भिंतीशी धरून दुमडली, टोचली, पुन्हा दुमडली. दहा मिनिटांत आकडा तयार. वर गणपती, आकड्यावर 'आहेर आणू नये'. टोकाला थोडा पुठ्ठा जास्त होता.

"हे कशाला?"

"माया आहे. दोन बोटं. कापता येतं, जोडता येत नाही."

फिटिंग शॉपमध्ये पन्नास मिलिमीटरचा जॉब कानशीनं घासून घासून मी अठ्ठेचाळीसवर आणला होता, तेव्हा आमचे इन्स्ट्रक्टर हेच ओरडले होते. फक्त त्यांच्या बोलण्यात माया नव्हती.

भाच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे. त्यानं पत्रिकेवरून मापं घेऊन चार तासांत प्लॅस्टिकचा आकडा छापून दिला, गुलाबी, कारण त्या रंगाचं रीळ उरलं होतं. वळला डावीकडेच. काम झालं होतं, काढून ठेवायचा. पण आईनं हौसेनं घंटा टांगली आणि खाली समई लावली. हे प्लॅस्टिक साठेक अंशांना मऊ पडतं. आरती संपेपर्यंत घंटेनं देवाला वाकून नमस्कार केला होता.

दुसऱ्यांदा अंबडला गेलो तेव्हा ड्रॉइंगवर शंकू होता, वर्तुळं होती, 'फर्स्ट अँगल' असं शब्दांतही लिहिलं होतं, आणि सोबत पिनेनं पत्रिका लावली होती. गाळेवाल्यानं ड्रॉइंग घडी घालून खिशात ठेवलं आणि पत्रिका मशीनवाल्याच्या हातात दिली. आकडा अचूक आला. त्या संध्याकाळी आईनं टाळ्या वाजवून आरती केली, दोरी माझ्या हातात.

आरती चालू असतानाच दुसरी घंटा ऐकू आली. समोरून. जाऊन पाहिलं, तर काकांच्या देव्हाऱ्याशी माझा चुकलेला आकडा ठोकलेला आणि अगदी फिट्ट बसलेला. बिल्डरनं एकाच नकाशातून दोन्ही फ्लॅट काढलेत, एक सुलटा, एक उलटा. आमची उजवी भिंत ती त्यांची डावी.

काका टेबलाशी बसले होते. समोर माझं पहिलं ड्रॉइंग. त्यांनी टोकदार पेन्सिलीनं कोपऱ्यात थर्ड अँगलचा शंकू काढला, तारीख घातली आणि ते फाइलला लावून टाकलं.