भांडेगुरुजी

हरिश्चंद्रगडावर खिचडी उतरली की आमची नजर पापडांकडे जाते, गुरुजींची पातेल्याच्या बुडाकडे. झारा एकदा बुडाशी खरवडून ते म्हणतात, "लागलीय." एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर ज्या सुरात बोलतात, तोच सूर.

गाणारा, वाट दाखवणारा, दोर बांधणारा, असे लोक ट्रेकसाठी शोधून आणावे लागतात. भांडेगुरुजी आपणहून येतात. चाळिशी उलटलेली, गुडघ्याला पट्टा, आणि सॅकमध्ये नारळाची शेंडी, राखेचा डबा, चहाची जुनी गाळणी. गावातून विकत आणलेल्या मोळीवर पातेलं चढवायच्या आधी ते त्याला बाहेरून चिखलाचा लेप देतात. नवी पोरं हसतात. जेवणानंतर वाळलेल्या मातीबरोबर सगळी काजळी पापुद्र्यासारखी सुटून येते, तेव्हा गुरुजी कोणाकडेही पाहत नाहीत. न पाहण्यातच सगळं आलं.

ताटात शीत राहिलेलं त्यांना चालत नाही. आधी बोटाने निपटायचं, मग वाटीभर गरम पाणी ताटात ओतून फिरवायचं आणि ते प्यायचं. "जैन घरांत थाळी धुऊन पितात, त्यांना काय वेड लागलंय?" मी पितो. खरं सांगायचं तर मिठाचं सूप म्हणून वाईट नसतं.

मागच्या खेपेला एक तरुण लिंबाच्या वासाचा साबण घेऊन टाक्याकडे निघाला. बाटलीवर हिरवं पान छापलेलं. "गुरुजी, बायोडिग्रेडेबल आहे!"

"कुठे डिग्रेड होणार बाळा? तो मातीत विरतो, मातीतले जंतू त्याला खातात. टाक्यात तो तसाच राहणार. आणि टाकं म्हणजे नदी नव्हे. घाण पुढे ढकलायला खाली दुसरं गाव नाही इथे. उद्याचा चहा ह्याच पाण्याचा आहे."

चहाचं नाव निघताच तरुण विरघळला. साबणाच्या आधी.

मग निघाली वरात. पाण्यापासून दोनशे फूट लांब, म्हणजे सत्तर पावलं. गुरुजी पुढे, डोक्याला टॉर्च, मोठ्याने मोजत. एकेचाळिसाव्या पावलाला कोणीतरी साप म्हणून ओरडलं. तो दोरीचा तुकडा निघाला, पण आकडा गेला तो गेलाच. गुरुजी परत टाक्यापाशी आले आणि "एक" म्हणाले. थंडी मी म्हणत होती. सहा जणांची भांडी हातात घेऊन आम्ही पुन्हा निघालो.

राख आणि शेंडीने घासून झाल्यावर धुवण गाळणीतून गाळलं. गाळणीत उरली बारा-पंधरा शितं, एक मोहरी, कढीपत्त्याचं पान. हा ऐवज पिशवीत बांधून खाली न्यायचा, कारण गडावरची माकडं एकदा खरकट्याला चटावली की सॅकच्या चेन उघडायला शिकतात. गाळलेलं पाणी गुरुजींनी हात फिरवत लांबवर शिंपडलं, अंगणात सडा घालावा तसं. एका जागी ओतायचं नाही म्हणे. आमच्यातले दोघे तेवढ्यात उभ्या-उभ्या झोपले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाचनईत उतरून एका घरी जेवलो. पिठलं-भाकरी. जेवण होताच गुरुजी ताट घेऊन उठले, शेंडी काढली आणि घरच्या मावशींना विचारलं, "मावशी, विहीर इथून किती पावलं?"

मावशींनी ताट हातातून काढूनच घेतलं. "ठिवा हो दादा. खरकटं म्हशीला जातं, धुवण परसातल्या अळवाला. पावलं कशाला मोजायची?"

गुरुजी बराच वेळ अळवाकडे पाहत उभे होते. मग सॅकमधून वही काढली. पिशवीतली बारा-पंधरा शितं, मोहरी आणि कढीपत्ता त्यांनी म्हशीपुढे ठेवला. म्हशीने कढीपत्ता तेवढा बाजूला सारला.