बेचाळीस किलोमीटरची वर्गणी

गणपतीची वर्गणी मागायला येणाऱ्या पोरांकडे निदान पावतीपुस्तक असतं. माझ्याकडे दाखवायला फक्त पोट होतं. ‘जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावतोय, पूर्ण,’ म्हटलं की समोरच्याची नजर आधी त्या पोटावर जायची. हात खिशाकडे जायला वेळ लागायचा.

कारण मात्र भक्कम होतं. बालगृहातल्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की तिथून बाहेर पडावं लागतं. कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत आधाराची सोय आहे, अनुरक्षणगृहंही आहेत. पण ती सगळ्यांना पुरत नाहीत. अशा मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला पैसे हवे होते आणि मला, खरं सांगायचं तर, मेडल गळ्यात घातलेला फोटो.

तळमजल्यावरच्या काकांनी किलोमीटरमागे शंभर रुपये कबूल केले आणि तिथल्या तिथे कॅल्क्युलेटर काढला. “बेचाळीस पूर्णांक एकशे पंच्याण्णव ना? म्हणजे चार हजार दोनशे एकोणीस रुपये पन्नास पैसे. आणि मध्येच बसलास, तर रिक्षाच्या मीटरसारखं. जिथे थांबलास तिथपर्यंतचे.” मेव्हणा म्हणाला, “दाजी, दुप्पट देतो, पण धावू नका.” ऑफिसात सगळे म्हणाले, “लिंक पाठव.” लिंक पाठव म्हणणारा माणूस पुढचे दोन महिने लिफ्टमध्येसुद्धा भेटत नाही. बायकोने पैसे दिले, पण वर ऐकवलंही, “दळण आणायला स्कूटर लागते तुला!”

सरावाबद्दल न बोललेलं बरं.

१९ जानेवारी २०२०. सीएसएमटीहून अंधारातच सुटलो. एरवी सी लिंकवर पायी जायला बंदी असते, म्हणून तिथे मी धावलो कमी आणि सेल्फी जास्त काढले. त्याची वसुली परतीच्या वाटेवर पेडर रोडने केली. पस्तीसेक किलोमीटर झाल्यावर हा चढ येतो. मुंबई सपाट आहे म्हणणाऱ्यांना एकदा तेवढं पळवून तिथे आणावं. पोटऱ्यांत गोळे आले होते. फुटपाथवर माणसं संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ घेऊन उभी. स्प्रे घेतलेल्या स्वयंसेवकाला मी गुडघा दाखवला. त्याने दोन्ही पाय न्हाऊ घातले आणि विचारलं, “अजून कुठे दुखतंय?” कुठे दुखत नाही ते सांगणं सोपं होतं. गाऊनवर शाल घेतलेल्या एक बाई हातातला चहा न सांडता ओरडल्या, “चालताय काय? पळा!” शेजारची चिमुरडी म्हणाली, “आजोबा, थोडंच राहिलंय.” माझं वय शेहेचाळीस.

त्या वर्षी इथिओपियाचा देरारा हुरिसा २ तास ८ मिनिटं ९ सेकंदांत जिंकला. स्पर्धेचा नवा विक्रम, तोही मित्राचे उसने बूट घालून! आमच्या बऱ्याच नंतर सुटून तो माझ्या बराच आधी पोचला. माझे बूट स्वतःचे होते, महागडे होते आणि दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे त्यांत ‘एनर्जी रिटर्न’ होतं. मला काही परत मिळालं नाही.

पोचलो एकदाचा. काकांनी मेडल उलटसुलट करून पाहिलं, चार हजार दोनशे वीस रुपये मोजून दिले आणि पन्नास पैसे परत मागितले. लिंकवाल्यांपैकीही काहींनी फोटो पाहून पैसे पाठवले, हे नमूद करायला हवं.

संस्थेत चेक द्यायला गेलो, तेव्हा जिना उतरताना माझी तिरकी चाल पाहून तिथला एक मुलगा आधाराला आला. वय एकोणीस, कुरिअर कंपनीत नोकरी. पगार चालू होता, डिपॉझिटचीही सोय होत होती. खोली मात्र मिळत नव्हती, कारण प्रत्येक घरमालक विचारायचा, “वडील काय करतात?”

तुमची एखादी खोली रिकामी असेल, तर जवळच्या अनुरक्षणगृहात किंवा अशा मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत एकदा चौकशी करा. त्यासाठी धावावं लागत नाही.