विकतची धूळ, विकतचा गंज

ऐकलंत का? माणसं हल्ली पैसे मोजून धूळ विकत घेतात. बाटलीत भरलेली, वर लेबल लावलेली. गंजही मिळतो. जुना गंज वेगळा, हलका गंज वेगळा, गडद वेगळा. आणि हे सगळं फासायचं कशावर? तर सिनेमातल्या, उभ्या जन्मात न उडालेल्या यानाच्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीवर! खाजवून खरूज काढणं आपण ऐकून होतो. पण रंगवून खरूज काढणं?

या पंथाची कुलदेवता म्हणजे मिलेनियम फाल्कन. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मधलं, हान सोलोचं ते खटारा यान. आता ते जन्माला कसं आलं, ते ऐका, म्हणजे भक्तांची कमाल कळेल. दिग्दर्शक लुकाससाहेबांनी 1975 मध्ये लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज भागातल्या एका गोदामात पोरं गोळा केली. यानं भव्य दिसायला हवी होती, हाताशी वेळ मात्र नव्हता. मग पोरांनी दुकानांतून प्लास्टिकच्या मॉडेलांची खोकीच्या खोकी उचलली. जर्मन रणगाडे, तोफा, विमानं, रेसच्या मोटारी. रणगाड्याचं चाक इथे, तोफेचा दांडा तिथे, इंजिनाचं झाकण उलटं करून पलीकडे. चिकटव आणि पुढे हो! मुळात हान सोलोसाठी दुसरंच यान बनलं होतं. पण ते ‘स्पेस: 1999’ या मालिकेतल्या ईगल यानासारखं दिसतंय म्हणून ऐनवेळी बाद झालं आणि या पोरांपैकी जो जॉन्स्टननं घाईघाईत नवं रेखाटलं. ते कशावरून सुचलं, तर कोणी म्हणतं बर्गरवरून, कोणी म्हणतं सिंकमध्ये रचून ठेवलेल्या खरकट्या ताटल्यांवरून. घ्या!

म्हणजे घाईत, उरल्यासुरल्या तुकड्यांतून, जमेल तसं केलेलं काम. आणि आज त्याची नक्कल कशी करायची? तर मिलिमीटर इकडचा तिकडे नाही! मूळ मॉडेल पाच फुटी, म्हणून आपलंही पाच फुटीच. घरात पलंग मावत नसला तरी चालेल. जुने फोटो मोठे करकरून, डोळ्यांना भिंग लावून ही मंडळी शोधत बसतात की मागच्या बाजूचं ते बोटभर नळकांडं कुठल्या रणगाड्याचं. सापडलं की त्या रणगाड्याचं सत्तरच्या दशकातलं खोकं लिलावात गाठायचं, वाट्टेल ती किंमत मोजायची, त्यातला एक तुकडा काढायचा आणि उरलेला रणगाडा माळ्यावर. माळ्यावर असे किती बिनचाकी रणगाडे पडून असतील? दुसरं महायुद्ध परत हरतील इतके!

तयार किट मिळत नाही, असंही नाही. जपानच्या बांदाई कंपनीनं 2017 मध्ये फाल्कनचं 1:72 मापाचं असं काही किट काढलं, की बघणाऱ्याचा जीव घुसमटावा. किंमत 40,000 येन. पण कट्टर भक्ताला ते दाखवून बघा. तो असं नाक मुरडेल, जणू सणाच्या दिवशी त्याच्या पानात विकतची पुरणपोळी वाढली. त्याला शून्यापासून करायचं असतं. पॉलिस्टायरीनचे पातळ पत्रे कापायचे, पाकळ्या पाकळ्या जोडून ती बशी उभी करायची आणि वर शेकडो चौकोनी पट्ट्या एकेक करून डकवायच्या. मूळ कारागिराचा हात जिथे जरा वाकडा गेला होता, तिथे आपलाही तेवढाच वाकडा गेला पाहिजे. चूकसुद्धा बरहुकूम!

एवढं करून थांबावं की नाही? छे! अहो, खरी मजा तर पुढेच. पुट्टी भरून, पॉलिश पेपर मारून, प्रायमर देऊन, पांढुरक्या राखाडी रंगात यान नजर लागेल इतकं देखणं झालं, की मग सुरू होतो छळ. आधी गंजाचा रंग. त्यावर केसांना मारायचा हेअरस्प्रे. हो, तोच! त्यावर वरचा रंग. मग ओल्या ब्रशनं खरवडायचं. आतला स्प्रे पाण्यानं विरघळतो, वरचा रंग पोपडे धरून सुटतो आणि खालचा गंज डोकावतो. कोणी स्प्रेऐवजी मिठाचे खडे चिकटवतात. पुढे तपकिरी तैलरंग पातळ करून फटीफटीत सोडायचा, जास्तीचा कानातल्या काडीनं टिपायचा. लेझरचे चटके दाखवायला काळी पूड घासायची. अशा प्रत्येक डागाचा आधी फोटो, मग नकाशा, मग डाग. आपल्याकडे सोसायटीच्या गच्चीवर चार पावसाळे ठेवलं असतं, तर हे फुकटात झालं नसतं का? आणि अवकाशात ना हवा ना पाऊस, मग गंज धरला कुठून, हे विचारायची सोय नाही. लगेच उत्तर येतं, “ते मधूनमधून ग्रहांवर उतरतं की!”

रंगाचंही सोवळं आहे बरं का. गोदामातली ती पोरं रेल्वेच्या मॉडेलांसाठीचा फ्लोक्विल नावाचा रंग वापरायची. 2013 मध्ये तो बंद झाला. झालं! आता सुकत चाललेल्या बाटल्या लोणच्याच्या बरण्यांइतक्या जपतात म्हणे.

आणि पंथ म्हटला की फाटे आलेच. पहिल्या सिनेमात फाल्कनला उतरायचे पाय तीन. 1980 च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये पाच. मधल्या काळात वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉक गावात, ‘मॅजिक राउंडअबाउट’ असं टोपणनाव देऊन, गुपचूप पूर्ण आकाराचं फाल्कन बांधलं गेलं होतं. म्हणजे अख्ख्या गावानं यान बांधायचं आणि वर ‘आम्ही नाही त्यातले’ म्हणायचं! जुन्या पाच फुटी मॉडेललाही तेव्हा जादा पाय बसवले. तेव्हा भक्ताला पहिला प्रश्न हाच विचारायचा: तीन की पाच? चुकीचं उत्तर आलं की चहासुद्धा मिळणार नाही.

तुम्ही म्हणाल, रिकामटेकड्यांचे उद्योग. मग हे ऐका. ऑक्टोबर 2023 मध्ये पहिल्या ‘स्टार वॉर्स’मधलं एक छोटं एक्स-विंग यान लिलावात 31 लाख डॉलरना गेलं. रुपयांत साधारण 26 कोटी! हॉलिवूडचे मोठे मॉडेलकार ग्रेग जीन वारले, त्यांच्या संग्रहात एका खोक्यात ते सापडलं. याच जीनसाहेबांच्या हाताखाली स्पीलबर्गच्या ‘क्लोज एन्काउंटर्स’मधलं ते झगमगतं महायान घडलं. त्याच्या पृष्ठभागावर पठ्ठ्यांनी ‘स्टार वॉर्स’मधला आरटू-डीटू हा रोबो लपवून चिकटवला. आता ते महायान स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे, आणि लोक तिथे जाऊन काच पुसपुसून आरटू शोधतात. आणि जरा कान इकडे करा: ‘क्लोज एन्काउंटर्स’मधला, गर्दी आकाशाकडे बोट दाखवते तो प्रसंग आपल्या खोपोलीजवळच्या हाळ गावात चित्रित झाला. महायानाच्या दिव्यांची कल्पना स्पीलबर्गला सुचली, ती रात्री मुंबईतल्या रिफायनरीचा झगमगाट बघून! ज्या दिव्यांपायी मुंबईकरानं नाकाला रुमाल लावला, त्यांना तिकडे ऑस्करचं नामांकन मिळालं. आपण हक्काचे पैसे तरी मागायचे!

बरं, आता आपापसांत बोलू. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? रात्री दीड वाजता, घरचे झोपल्यावर, आवाज बंद करून, कोणी तरी परका माणूस प्लास्टिकच्या पत्र्यावर गंज चढवतोय, ते चाळीस मिनिटं डोळे फाडून कोण बघतं? शाम्पूच्या बाटलीचं झाकण फेकण्याआधी उलटसुलट करून कोण पाहतं? बंद पडलेला चार्जर, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, संपलेली रिफिल, दाढीच्या रेझरचं डोकं, हे सगळं कपाटाच्या खालच्या खणात कोण साठवतंय? घरात विचारणा झाली की “असू दे, लागेल” म्हणतो, ते कशाला लागणार असतं? आणि बायकोचा हेअरस्प्रे इतक्या लवकर संपतो, आपल्या डोक्यावर तर चार केस! दातांच्या डॉक्टरांकडे तर संशयानंच बघायला हवं. एवढी बारीक अवजारं हाताशी असताना दवाखाना बंद झाल्यावर ते काय करत असतील?

तेव्हा हसा, नावं ठेवा, सगळं करा. फक्त माझ्यासमोर पाच पाय म्हणू नका. तीनच. आणि मधल्या पायाच्या दाराजवळचा तेलाचा ओघळ जरा डावीकडे आहे, पाहिलात ना?