भैयाजी, तुमची फी शून्य होती ना?

प्रिय भैयाजी,

हे पत्र मराठीत आहे. तुम्हाला ते वाचता येणार नाही, याची पूर्ण कल्पना आहे. पण त्या रात्री दहा वाजता तुम्ही मोबाइलवर जो इंग्रजी गठ्ठा पाठवलात आणि खाली "सर, बस ओटीपी बता दीजिए" असं लिहिलंत, तो तरी मी वाचावा म्हणून कुठे पाठवला होतात? फिट्टंफाट. माझ्या पत्राला निदान ओटीपी लागत नाही.

आधी आभार मानतो. भिलाईत घर घ्यायचं नुसतं मनात आणलं की बिल्डरच्या आधी, पटवाऱ्याच्या आधी तुम्ही, घरकर्जाचे एजंट, भेटता. सिव्हिक सेंटरला चहा पिताना गळ्यातलं भिलाई स्टील प्लांटचं, म्हणजे बीएसपीचं, ओळखपत्र कुणाच्या तरी नजरेस पडतं आणि संध्याकाळी फोन वाजतो. बीएसपीची कायम नोकरी, महिन्याच्या महिन्याला सॅलरी स्लिप, निवृत्तीला अजून अवकाश. असं गिऱ्हाईक आता किती दुर्मीळ झालंय, ते तुमच्या आवाजातल्या आनंदावरूनच कळलं. माझं आडनाव ऐकून तुम्ही "काय काका, बरं आहे ना?" असंही म्हणालात. तुमची मराठी तिथेच संपली, पण आमच्या घरी तेवढ्यावर काम झालं. आई म्हणाली, मुलगा गुणी दिसतो.

आमची नड तुम्हाला नेमकी ठाऊक होती. इथली पहिली झोतभट्टी 1959च्या फेब्रुवारीत पेटली. माझे वडील त्यानंतर काही वर्षांनी यवतमाळकडून आले, त्यांना सेक्टर पाचमध्ये क्वार्टर मिळालं. त्यासाठी अलॉटमेंटचा एक कागद पुरला. निवृत्तीनंतर ते क्वार्टर सुटलं, आणि माझंही एक दिवस सुटणार. उभं आयुष्य या गावात काढायचं आणि शेवटी खिळा ठोकायलाही स्वतःची भिंत नाही, ही इथल्या प्रत्येक घरातली धास्ती आहे. तुमचा धंदा त्या धास्तीवर चालतो. त्याबद्दल तक्रार नाही. डॉक्टरचाही तापावरच चालतो.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगून टाकतो. "रेट कंपेअर" करायचा म्हणून तुम्ही माझी फाईल न विचारता अनेक ठिकाणी लॉगिन केलीत. प्रत्येकानं माझा सिबिल उघडून पाहिला, स्कोअर घसरला आणि पुढच्याच आठवड्यात तुम्हीच मला कळवलंत की स्कोअर कमी असल्यामुळे दर जरा जास्त लागेल. बँकांच्या फ्लोटिंग घरकर्जाचे दर 1 ऑक्टोबर 2019 पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेले आहेत. तरी तुम्ही आग्रह धरलात एका हाऊसिंग फायनान्स कंपनीचा, जिला ते बंधन नाही. 2025 साली रिझर्व्ह बँकेनं रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आणला, त्यातलं इथे किती पोचेल, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "सब सेम है सर." मी बँकच धरली. सेक्टरमधलं लीजचं क्वार्टरही सुचवलंत. जमीन प्लांटच्या मालक कंपनीची, सेलची, घर लीजवर, मग बँक गहाण काय ठेवून घेणार, या प्रश्नाला तुमचं उत्तर होतं, "हो जाएगा." जुनवानीच्या प्लॉटचं डायव्हर्शन, म्हणजे बिगरशेती, झालंय का, तर "हो जाएगा." एजंटांसाठी बँकांची एक आचारसंहिता आहे. फोन सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात या वेळात करावा आणि गिऱ्हाइकाकडून भेटवस्तू घेऊ नये, असं तीत लिहिलंय. तुमचे फोन जेवणाच्या ताटावर यायचे आणि रजिस्ट्रीच्या दिवशी तुम्ही मिठाईच्या नावानं जे मागितलंत, ते डब्यात मावणारं नव्हतं.

हे सगळं मी विसरलो असतो. विम्याचं विसरता येत नाही.

मी तीस लाख मागितले होते. मंजूर झाले साडेएकतीस. "सर, ज़्यादा मिल गया, बधाई हो!" असं तुम्ही म्हणालात, आणि जगात पहिल्यांदाच कुणी मला कर्ज वाढल्याबद्दल शुभेच्छा दिल्या. वरचे दीड लाख म्हणजे आयुर्विम्याचा एकरकमी हप्ता होता. मला विचारून काढलेला नव्हे, कर्जातच मुरवून टाकलेला. आमची ही शाळेत गणित शिकवते. तिनं रद्दीतल्या पेपरच्या कोऱ्या कडेवर हिशोब मांडला: साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं म्हटलं की या दीड लाखापोटी दरमहा तेराशे रुपये जास्त. वीस वर्षांत तीन लाख बारा हजार. म्हणजे मी मेलो तर कर्ज फिटावं म्हणून विमा, आणि विम्याचा हप्ता फिटावा म्हणून कर्ज. एवढ्या पैशांत साधा टर्म इन्शुरन्स घेतला असता तर कर्ज फिटून वर पोरीच्या शिक्षणालाही उरलं असतं. पण त्यावर तुमच्या वरच्या साहेबांचं टार्गेट पुरं झालं नसतं.

आणि हे गळ्यात घालताना काय म्हणालात? "बिना इन्शुरन्स फाइल आगे नहीं जाएगी, आरबीआय का रूल है." भैयाजी, असा कुठलाही नियम नाही. घरकर्जाला आयुर्विमा सक्तीचा करणारी एक ओळ रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात दाखवा, मी दुसराही विमा काढतो. उलट जो नियम खरोखर आहे, तो तुम्ही मला सांगितला नाहीत. 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक नव्या घरकर्जाबरोबर एक 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. कर्जदाराला समजेल अशा भाषेत. व्याज, फी, विमा, वकिलाचा खर्च, सगळं धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात तो आकडा त्यात लागतो. ते समजावून सांगायचं आणि समजल्याची सही घ्यायची. शिवाय विचार करायला किमान तीन कामाचे दिवस द्यायचे. त्यात न दाखवलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. मला ते मिळालं रात्री दहाला, इंग्रजीत, काचेवर नखाएवढ्या अक्षरांत. विकणारा सकाळी अकराला रजिस्ट्री ऑफिसात हजर राहणार होता आणि बयाणा आधीच देऊन झाला होता. तीन दिवसांचे झाले तेरा तास, आणि त्यांतही रात्र धरलेली.

त्याच रात्री मी तुम्हाला विचारलं होतं, या सगळ्यात तुमचं काय? तुम्ही दुखावल्यासारखं बोललात. "हमारा कुछ नहीं सर, आपसे एक रुपया नहीं लेते, बैंक देती है."

हेच ते वाक्य. लग्न जुळवणारा मध्यस्थ मुलाकडच्यांकडून पाकीट घेतो आणि मुलीच्या बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, मी तुमच्याच बाजूचा. तसं ते ऐकू आलं. तुमचा मोबदला कर्जाच्या रकमेवर ठरतो आणि रक्कम बँकेच्या खात्यातून सुटली तरच मिळतो. म्हणजे मी कर्ज कमी घ्यावं, महिनाभर थांबावं, हे घर नको म्हणून सोडून द्यावं, असा सल्ला तुमच्या तोंडून कधी निघणारच नव्हता. हे घर सोडा म्हणणारं कोणी नव्हतं माझ्याजवळ! आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार. बँकेचा वकील, बँकेचा व्हॅल्युअर, बँकेचा एजंट. वकिलाची आणि व्हॅल्युअरची फी मी भरली, आणि त्या दोघांचे रिपोर्ट मला दाखवायचीदेखील कुणाला गरज वाटली नाही. माझ्या घराबद्दलचे रिपोर्ट! माझ्याच पैशांचे! आणि वर मी समाधान मानायचं की तुम्ही फुकट धावपळ केलीत. लाज वाटायला हवी होती कुणाला तरी. तुम्हालाच, असं नाही. पण कुणाला तरी.

कुणाला, ते मला रजिस्ट्रीच्या दिवशी थोडंसं कळलं. आम्ही बाहेर नंबरची वाट बघत होतो आणि तुम्हाला फोन आला. तुम्ही तो कानापासून हातभर लांब धरलात, तरी पलीकडचे शब्द आम्हाला ऐकू येत होते. महिनाअखेर होती. "इन्शुरन्स का नंबर कहाँ है" याच्या पुढचं काही मी इथे लिहू शकत नाही. तुम्ही "जी सर, जी सर" म्हणत राहिलात. मग आमच्याकडे वळून नेहमीसारखं हसलात आणि हिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आलात.

त्या बाकावर तुम्ही बरंच बोललात. वडील प्लांटमध्ये ठेक्यावर होते, कोक ओव्हनच्या बाजूला; कायम कधीच झाले नाहीत. तुम्ही आयटीआय केलंत, पण भरती निघाली नाही. पेट्रोल स्वतःचं, मोबाइल स्वतःचा, फाईल बुडाली तर महिन्याची मेहनत बुडाली, आणि गिऱ्हाइकानं कर्ज लवकर दुसरीकडे नेलं तर दिलेलं कमिशनही परत कापून घेतात. खुर्सीपारला भाड्याच्या खोलीत राहता. मी सहज म्हणालो, मग तुम्हीही घर घ्या की, लोन तर घरचंच. तुम्ही म्हणालात, "हमको कौन देगा सर? सैलरी स्लिप नहीं है."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. बीएसपीवाल्या दर माणसाचं घर बांधून देणाऱ्या माणसाची फाईल तो ज्यांच्यासाठी राबतो तीच बँक लॉगिनलाच परत पाठवेल. तुमचा राग धरून बसणं तेव्हापासून जरा अवघड झालंय, आणि त्याचाही मला राग येतो. कारण दीड लाख तर माझेच गेलेत.

तर आता कामाचं. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, तसा अर्ज मी शाखेत दिलाय. परत येणारी रक्कम मुद्दलात वळती करा, असंही त्यात लिहिलंय. फ्लोटिंग घरकर्जात मुदतीआधी मुद्दल भरायला दंड नाही, 2012 पासून नाही, तेव्हा तो मागू नये. काउंटरवरचे साहेब म्हणाले, आधी एजंटची सही आणा. अशी सही कुठल्याच नियमात नाही, म्हणून मी तुमच्याकडे येणार नाही. सही केलीत तर तुमचं काय होईल, ते बाकावर ऐकलंय. बँकेच्या तक्रार विभागाला पत्र गेलंय. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. तिथे फी खरोखरच शून्य आहे. तक्रारीत एजंटच्या नावाचा रकाना होता. तिथे मी शाखेच्या मॅनेजरांचं पद लिहून दिलंय.

आपला,
साडेएकतीस लाखांचा एक कर्जदार