नव्वद दिवसांचं तेल विकणाऱ्यास खुलं पत्र

प्रति,
गळणाऱ्या केसांवर पोट भरणारे तेलवाले,
वाशी स्टेशनबाहेरचा फुटपाथ आणि नवी मुंबईतल्या प्रत्येक घरातला मोबाइल.

महाशय,

तुमचं नाव लिहीत नाही, कारण ते दर पावसाळ्यानंतर बदलतं. कधी तुम्ही जंगलातल्या मुळ्यांचं तेल विकता, कधी कांद्याचं, कधी रोझमेरीचं. बाटलीवरची गुडघ्यापर्यंत केस सोडलेली बाई मात्र तीच असते आणि तिच्या पायाशी वचनही तेच असतं: ‘९० दिवसांत फरक’. मला तुमच्याशी या नव्वद दिवसांबद्दलच बोलायचं आहे. तुमच्या धंद्याचं सगळं भांडवल तेच आहे.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, त्यानंतर सुमारे तीन महिने तो नुसता मुळात टिकून राहतो आणि गळून पडतो. धडधाकट माणसाचेही रोज ५० ते १०० केस जातात. पण डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा झपाट्याने उतरवलेलं वजन, असा एखादा धक्का शरीराला बसला की एकाच वेळी पुष्कळ केसांची वाढ थांबते. दोन-तीन महिन्यांनी ते मुठीमुठीने कंगव्यात येतात. मुळं मेलेली नसतात. कारण दूर झालं की बहुतेकांची गळती पुढच्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि कपाळाजवळ बारीक नवे केस दिसू लागतात.

हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात नेरुळ, तुर्भे, घणसोलीत घरोघरी ताप येतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके साठायला लागतात. माणूस घाबरतो, आणि नेमका त्याच वेळी तुम्ही पुढे येता. तेल न लावताही जे मार्चपर्यंत होणारच होतं, त्याचे तुम्ही डिसेंबरात पैसे घेता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, तसं हे आहे. फरक एवढाच की कावळा फांदीचे पैसे मागत नाही. तुमची हुशारी तेलात नाही, कॅलेंडरात आहे. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे जे फोटो तुम्ही दाखवता, त्यातले कित्येक खरे असतीलही. त्या केसांचं श्रेय मात्र तुम्ही चोरलेलं आहे.

ज्यांचे केस आपोआप येणार होते, त्यांचे निदान पैसेच गेले. ज्यांचे येणार नव्हते, त्यांचं तुम्ही काय नेलंत?

माझ्या भाचीचे बाळंतपणानंतर केस गळायला लागले. वर्ष उलटलं तरी गळत राहिले. तुमच्या माणसाने तिला फोनवर सांगितलं, “ताई, तिसरी बाटली होईपर्यंत जुनेच केस गळतात, घाबरू नका.” तिसरी बाटलीही संपली. जिने चढताना तिला धाप लागत होती, थंडी सहन होत नव्हती, दुपारी डोळे मिटत होते. बाळ रात्री झोपू देत नाही म्हणून असं होत असेल, असं आम्ही सगळे म्हणत राहिलो. शेवटी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन फार खाली आणि थायरॉइडचं काम मंदावलेलं निघालं. दोन्हींवर साध्या गोळ्या आहेत. तुमच्या आश्वासनामुळे त्या गोळ्या तिच्यापर्यंत कित्येक महिने उशिरा पोचल्या. केसांचं मी सोडून देते. तिच्या धापेचं मला सोडवत नाही.

आणि ती एकटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. लोहाची कमतरता हे केस गळण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक. म्हणजे तुमच्या टेबलासमोर थांबणाऱ्या दोन बायकांपैकी एकीला बहुधा तेलाची नव्हे, रक्ततपासणीची गरज असते. तिला थांबवून ठेवणारा माणूस तुम्ही आहात.

आता तुमच्या कांद्याबद्दल. ज्या शहराच्या बाजार समितीत, तुर्भ्याला, कांद्याचे ट्रकच्या ट्रक उतरतात, तिथेच तुम्ही कांद्याचा वास काढून टाकलेलं तेल शेकडो रुपयांना विकता आणि वर सांगता, ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’. तो अभ्यास मी वाचला आहे. तुम्ही वाचला असता तर त्याचं नाव घेतलं नसतं. तो २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. २३ रुग्णांनी दिवसातून दोनदा कच्च्या कांद्याचा रस लावला, १५ जणांनी नळाचं पाणी. सहा आठवड्यांत रसवाल्यांपैकी २० जणांना केस आले. पाणीवाल्यांपैकी दोन महिन्यांत दोघांना. आकडा चांगला आहे, मी नाकारत नाही. पण त्या सगळ्यांना चाई पडलेली होती. चाईत शरीराची संरक्षणयंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते, नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडतात आणि पुष्कळदा ते स्वतःहूनही भरून येतात. डोक्याच्या मध्यापासून विरळ होत जाणाऱ्या आनुवंशिक टकलाशी त्या अभ्यासाचा काही संबंध नाही. बाळंतपणानंतरच्या गळतीशीही नाही. आणि त्या लोकांनी लावला होता तो घरी काढलेला ताजा रस. कांद्याचं चित्र छापलेलं तेल त्यांनी लावलं नव्हतं. हा सगळा डोलारा २३ माणसांवर उभा आहे, आणि त्या २३ जणांचा आजार तुमच्या बहुतेक गिऱ्हाइकांना नाही.

रोझमेरीचंही तेच. २०१५ सालच्या इराणी अभ्यासात शंभर पुरुषांवर सहा महिने रोझमेरी तेलाची आणि दोन टक्के मिनॉक्सिडिलची तुलना झाली. दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखा आला. पण काहीही औषध न लावणारा तिसरा गट त्यात नव्हता. तेवढ्यावर बाटलीभर खात्री देता येत नाही.

ऐरोली, महापेच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्या मुलांकडे बघा. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी कपाळावरची केसांची रेषा मागे सरकू लागते. घरात स्थळं बघणं सुरू झालेलं असतं, फोटो काढताना मुलगा टोपी घालतो, आई रोज डोक्याकडे बघते. या आनुवंशिक टकलात केसाचं मूळ वर्षागणिक बारीक होत जातं. जोवर ते जिवंत आहे तोवर मिनॉक्सिडिलसारख्या औषधाने त्याला आधार देता येतो. कित्येक दशकं जगभर त्याचा वापर आहे. तेही जादू करत नाही. महिनोन्महिने लावावं लागतं, बंद केलं की कमावलेलं जातं, काहींना सोसत नाही, आणि ते डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं. पण त्याच्यासाठी एक मुदत असते. तुमच्या बाटल्या बदलण्यात दोन-तीन वर्षं गेली की ती मुदत संपते. मुलाच्या हातात मग महागडं केसरोपण किंवा आरसा टाळणं एवढंच उरतं.

तुम्ही पाण्यावरही धंदा करता. ‘नवी मुंबईचं पाणी खारं, म्हणून केस जातात’ असं सांगून नळाला लावायचे फिल्टर विकता. महापालिकेचं पाणी खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचं आहे, पावसाचं साठवलेलं. जिथे बोअरवेल किंवा टँकरवर भागवावं लागतं, तिथलं जड पाणी केस राठ करतं. मूळ मात्र मारत नाही.

कारण शोधणं म्हणजे काय, हे बुलढाण्याने दाखवलं. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. पोरींनी शाळा सोडली, काही जणांनी मुंडण करून घेतलं. आधी बुरशीचा, पाण्याचा संशय घेतला गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं. विंचूदंशावरच्या कामामुळे जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतः त्या गावांत गेले, रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला, आणि गव्हातल्या प्रमाणाबाहेरच्या सेलेनियमकडे त्यांनी बोट दाखवलं. पुढे काही जणांची नखंही गळली. त्या गावांत हजार बाटल्या विकल्या गेल्या असत्या तरी ताटातला गहू तोच राहिला असता. केस परत येऊ लागल्यावर मात्र ‘हे आमच्या तेलाने’ म्हणायला तुम्ही हजर झाला असता.

तेल लावून निदान नुकसान तरी होत नाही, असं तुम्ही म्हणता. मार्च २०२५ मध्ये पंजाबात संगरूरला टक्कल घालवण्याचं शिबिर भरलं. तिथे डोक्याला तेल लावून गेलेल्या साठाहून अधिक लोकांना डोळ्यांची आग होऊन रुग्णालय गाठावं लागलं. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. चाईवर गुंजेचा लेप सांगणारेही तुमच्यातच आहेत. गुंजेची बी विषारी असते, आणि घरात लहान पोरं असतात.

या सगळ्यात तुम्ही आमच्या आज्यांना ओढता, त्याचा मला सर्वांत जास्त राग आहे. ‘आजीच्या बटव्यातलं तेल’ असं बाटलीवर छापायचा तुम्हाला काय अधिकार? आजी माका आणि जास्वंद घालून खोबरेल उकळायची, रविवारी शिकेकाईने न्हाऊ घालायची, आणि तिने कधी टकलावर केस उगवण्याचं वचन दिलं नाही. ती जे करत होती त्याला अर्थ होता. मुंबईतल्या एका तेल कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना-विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. आलेला केस तेल जपतं, न येणारा केस आणत नाही. घरचा उपाय म्हणून तेल जरूर लावावं, केस ताणून बांधू नयेत, पोटात डाळ, अंडी, पालेभाजी पुरेशी जावी आणि आजारानंतर थोडा धीर धरावा. मात्र डोक्यात कोंडा आणि चिकट खवले असतील, तर या दमट हवेत तेलाने ते वाढतात, हेही खरं.

कायद्याचं तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुम्ही शब्द जपून वापरता. औषधे नियम, १९४५ यांच्या ‘जे’ अनुसूचीत टक्कल आणि नवे केस उगवणं या दोन्हींचा उल्लेख आहे. तिथले आजार बरे करण्याचा दावा ॲलोपॅथीच्या औषधालाही करता येत नाही. आयुर्वेदिक औषध असो की सौंदर्यप्रसाधन, बाटलीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक लागतो. तुमच्या बाटलीवर असतो फक्त एक मोबाइल नंबर आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ हे शब्द.

तुम्ही ही विक्री थांबवावी, अशी माझी मागणी आहे. थांबवणार नसाल तर निदान बाटलीवर तुमचं खरं नाव, पत्ता आणि परवाना छापा, आणि ‘ताई, घाबरू नका’ म्हणण्याआधी समोरच्या बाईला रक्त तपासून घ्यायला सांगा.

आणि हे वाचणाऱ्या माझ्या शहरवासीयांनो, केसगळती तीन महिन्यांपेक्षा जास्त चालली, चट्टे पडले, किंवा सोबत धाप, थकवा, पाळीची गडबड असेल, तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. परवाना क्रमांक नसलेली बाटली कुणी गळ्यात मारली, तर तिचा फोटो काढून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार करा.

आपली,
नेरुळची एक रहिवासी